सायकलीला ओव्हरटेक करताना दीड मीटर अंतर : पुण्यात हा नियम असावा का?

पर्वतीपायथा (धागाकर्ता)

जानेवारी २०२६ मध्ये पुण्यात ‘पुणे ग्रँड टूर’ ही आंतरराष्ट्रीय सायकल शर्यत झाली. तिच्यासाठी शहरातले आणि जिल्ह्यातले अनेक रस्ते नव्याने डांबरले गेले आणि शर्यतीच्या वेळी वाहतूक अडवून ते मोकळे ठेवले गेले, याचा मला मनापासून आनंद आहे. मात्र वर्षातल्या उरलेल्या सगळ्या दिवशी सायकलस्वार आणि मोटारचालक एकाच डांबरावरून जातात आणि त्या दिवसांसाठी आपल्याकडे स्पष्ट नियम नाही. माझी मागणी एकच आहे. मागून येणाऱ्या वाहनाने सायकलीला ओव्हरटेक करताना किमान दीड मीटर जागा सोडावी आणि तेवढी जागा नसेल तर मागे थांबावे, असा आकड्यात लिहिलेला नियम पुण्यात लागू व्हावा.

आज कायद्यात काय आहे ते आधी सांगतो. मोटार वाहन कायदा, १९८८ नुसार सायकल हे मोटार वाहन नाही, त्यामुळे तिला नोंदणी, परवाना किंवा विमा लागत नाही. पण म्हणून सायकलस्वार रस्त्यावर उपरा ठरत नाही. वाहन चालवण्याबाबतच्या २०१७ च्या केंद्रीय विनियमांत चालकाने पादचारी, सायकलस्वार, मुले आणि वृद्ध यांच्याबाबत विशेष काळजी घ्यावी, असे सांगितलेले आहे. अडचण ‘विशेष काळजी’ या शब्दांतच आहे, कारण ती घेतली होती की नाही याचा हिशेब अपघात झाल्यानंतर मांडला जातो. कोणी कट मारून गेला आणि अपघात थोडक्यात टळला, तर काहीच घडले नाही असे धरले जाते. जर्मनीने २०२० मध्ये हे अंतर शहरात दीड मीटर आणि शहराबाहेर दोन मीटर असे कायद्यात लिहिले. फ्रान्समध्ये ते शहरात एक मीटर आणि बाहेर दीड मीटर आहे. ब्रिटनच्या ‘हायवे कोड’ या वाहतूक नियमपुस्तिकेत २०२२ च्या सुधारणेने किमान दीड मीटरची सूचना आली.

आता आपल्या रस्त्यावर हा हिशेब मांडून पाहू. शहरातली एक लेन साधारण साडेतीन मीटरची धरा. सायकलचे चाक कडेपासून पाऊण मीटरवर असले, तर हँडलचे उजवे टोक एक मीटरच्या किंचित पुढे येते. बसची रुंदी २.६ मीटर. म्हणजे बस आपल्याच लेनमध्ये राहून सायकलीच्या पुढे जाऊच शकत नाही, आणि पावणेदोन मीटर रुंदीची मोटार अगदी लेनच्या रेषेवर गेली तरी मध्ये जेमतेम पाऊण मीटर उरतो. लेन न बदलता ओव्हरटेक करणारा प्रत्येक चालक सायकलस्वाराच्या हिश्शाच्या जागेतून जात असतो.

‘मग आणखी डावीकडून चालवा’ असे सांगणाऱ्यांनी एकदा खाली वाकून तो पाऊण मीटर पाहावा. तिथे डांबर संपून काँक्रीटची गटारपट्टी सुरू होते आणि दोन्हींच्या सांध्यात पातळ टायर अडकतो. रस्त्यावर डांबराचे थरावर थर चढल्यामुळे चेंबरची झाकणे चार बोटे खाली गेलेली असतात, काही झाकणांच्या सळया प्रवासाच्या दिशेनेच बसवलेल्या असतात, आणि पावसाळ्यात हे सगळे पाण्याखाली दिसेनासे होते. सायकलस्वार अचानक उजवीकडे सरकतो तो बहुतेक वेळा एखादे झाकण चुकवण्यासाठी. मागच्याला ते झाकण दिसत नाही, म्हणून तर अंतर हवे. शिवाय डंपर शेजारून गेला की हवेचा झोत सायकलीला आधी बाहेर ढकलतो आणि लगेच आत ओढतो. त्या वेळी हात स्थिर ठेवण्याचे कौशल्य प्रत्येक शाळकरी मुलाकडे असावे, अशी अपेक्षा कोणताही कायदा करू शकत नाही.

कर्वेरोडकर

धागा अभ्यासपूर्वक लिहिला आहे, तरीही मी या नियमाच्या ठामपणे विरोधात आहे. मी रोज कोथरूडहून कॅम्पात मोटारीने जातो. कर्वे रस्त्याच्या मधोमध मेट्रोचे खांब आहेत, डाव्या कडेला वाहने उभी असतात आणि जी वाट उरते तिला लेन म्हणणे कठीण आहे. तिथे एका सायकलीमागे मी थांबलो, तर दोन्ही बाजूंनी दुचाकी घुसतात आणि मागचा हॉर्न थांबत नाही. दीड मीटर तिथे अस्तित्वातच नाही. जो नियम पहिल्याच दिवसापासून प्रत्येक जण मोडणार हे ठाऊक आहे, तो केल्याने उरलेल्या नियमांचेही वजन कमी होते. २०१९ च्या सुरुवातीला हेल्मेटसक्तीची कारवाई सुरू झाली तेव्हा या शहराने केलेला विरोध आपल्याला आठवत असेल, आणि त्या नियमात तर चालकाचाच जीव वाचत होता.

दुसरे म्हणजे सायकलस्वारांच्या वर्तनाबद्दल आपण एक वाक्यही लिहिलेले नाही. सिग्नल तोडणे, नो एन्ट्रीतून येणे, रात्री दिव्याविना चालवणे, रविवारी पहाटे सिंहगडाच्या वाटेवर तिघा-चौघांनी शेजारी शेजारी गप्पा मारत जाणे, हे मी वारंवार पाहतो. ज्याला क्रमांकाची पाटी नाही त्याला दंड होत नाही, आणि ज्याला पाटी आहे त्याच्यासाठी आणखी एक दंड तयार करायचा, ही समानता मला पटत नाही.

माझा मुख्य आक्षेप मात्र वेगळाच आहे. महापालिकेने डिसेंबर २०१७ मध्ये सर्वंकष सायकल आराखडा मंजूर केला आणि त्यात आठशे किलोमीटरच्या वर सायकल मार्गांचे जाळे होते. ते आजही सलग झालेले नाही. दीड मीटरचा नियम आला की प्रशासनाला सांगता येईल की सायकलस्वाराची सोय आम्ही कायद्याने केली आहे. एक पैसा खर्च न करता जबाबदारी चालकाच्या माथी मारण्याचा हा मार्ग आहे. भांडायचे असेल तर स्वतंत्र मार्गासाठी भांडा, मी आपल्याबरोबर येईन.

हडपसरकर

स्वतंत्र मार्गाबद्दल थोडे लिहिते. सोलापूर रस्त्यावर बीआरटीच्या (बससाठी राखीव लेनच्या) काळात सायकल मार्ग झाले, त्यांच्या कडेने आम्ही इतकी वर्षे राहतो. मार्ग सुरू होतो, बसथांब्यापाशी संपतो, पुढे विजेचा डीपी आडवा येतो, मग एखाद्या दुकानाची पायरी, आणि जिथे तो बरा आहे तिथे दुचाकी त्यावरून सुसाट जातात, वास्तविक सायकल मार्गावर मोटार वाहन नेण्यास नियमानेच मनाई आहे. माझा मुलगा आठवीत आहे. मी त्याला त्या मार्गावरून पाठवत नाही आणि मुख्य रस्त्यावरूनही पाठवत नाही. दीड मीटरचा नियम आला तरी पाठवणार नाही, कारण कागदावरच्या अंतराच्या भरवशावर मी मूल रस्त्यावर सोडू शकत नाही. माझा कल म्हणूनच कर्वेरोडकरांकडे आहे. आधी दगडी कडा घालून वेगळी केलेली जागा हवी.

पहाटफेरी

मी वृत्तपत्र वितरणात आहे, म्हणून या चर्चेत जे सायकलस्वार कोणाच्याच डोळ्यांसमोर नाहीत त्यांच्याबद्दल लिहितो. वरच्या प्रतिसादांत सायकल म्हणजे रविवारचा व्यायाम किंवा शाळेतला मुलगा एवढेच आले आहे. आमची मुले पहाटे हँडलला दोन्हीकडे पिशव्या आणि कॅरिअरवर गठ्ठा लावून निघतात. बांधकामावर जाणारे मजूर, रात्रपाळी संपवून परतणारे वॉचमन, दूध घालणारे यांतील बहुतेकांची सायकल गिअरची नसते आणि त्यांच्या डोक्यावर हेल्मेटही नसते.

आम्हाला दर दुसऱ्या इमारतीच्या दारात थांबायचे असते. दगडी कड्याच्या आत कोंडलेला मार्ग कितीही उत्तम बांधला तरी आमचे काम त्यावरून होणार नाही. आम्ही रस्त्यावरच असणार, आणि पहाटे मोकळ्या रस्त्यावर वाहनांचा वेग जास्त असतो म्हणून अंतराची गरज आम्हालाच सर्वांत जास्त आहे. गठ्ठा लावलेली सायकल झोत बसला की सावरत नाही, पुढचे चाक हलके होऊन वळते. सायकल मार्ग जरूर बांधा, पण ते होईपर्यंत नियम थांबवा असे म्हणू नका. आराखडा मंजूर झाला तेव्हा पेपर टाकायला लागलेली मुले आता संसाराला लागली आहेत.

सदाशिवपेठी

मी वकिली करतो. मागणीशी मी सहमत आहे, पण ती ज्यांच्याकडे करायची त्यांच्याबद्दल थोडे स्पष्ट व्हावे. २०१७ चे विनियम केंद्राने मोटार वाहन कायद्याच्या कलम ११८ खाली केलेले आहेत, त्यामुळे त्यांत दीड मीटर हा आकडा घालणे केंद्राच्याच हातात आहे. तो घातला तर २०१९ च्या दुरुस्तीने आलेल्या कलम १७७अ नुसार भंगाला ५०० ते १,००० रुपये दंड आपोआप लागू होईल, त्यासाठी नवीन गुन्हा निर्माण करावा लागणार नाही. पुण्यापुरते पाहायचे तर महाराष्ट्र पोलीस अधिनियम, १९५१ चे कलम ३३ आहे. रस्त्यांवरील सर्व प्रकारच्या वाहतुकीचे नियमन करण्याचा अधिकार पोलीस आयुक्तांना त्याने दिला आहे आणि त्यात सायकल चालवणाऱ्यांचा उल्लेख स्पष्ट आहे.

कर्वेरोडकरांचा एक समज मात्र दुरुस्त करणे आवश्यक आहे. सायकलस्वार कायद्याच्या बाहेर नाही. त्याच १९५१ च्या अधिनियमातील ‘वाहन’ या शब्दाच्या व्याख्येत सायकल येते, आणि भारतीय न्याय संहितेच्या कलम २८१ मध्ये सार्वजनिक रस्त्यावर बेदरकारपणे ‘कोणतेही वाहन’ चालवणारा दोषी आहे, केवळ मोटार चालवणारा नव्हे. जुन्या पुण्यात सायकलीला नगरपालिकेचा बिल्ला असे आणि दिवा नसला किंवा डबलसीट घेतले की पोलीस अडवत, हे घरातल्या वडीलधाऱ्यांना विचारल्यास कळेल.

मला काळजी वाटते ती दुसऱ्याच तरतुदीची. २०१९ मध्ये मोटार वाहन कायद्याच्या कलम १३८ ला एक पोटकलम जोडले गेले असून त्यान्वये सायकलीसारख्या बिगरयांत्रिक वाहनांचे आणि पादचाऱ्यांचे रस्त्यावरचे वर्तन आणि प्रवेश यांचे नियमन राज्य सरकार करू शकते. उद्देश रस्ता सुरक्षेचाच आहे. पण ‘प्रवेशाचे नियमन’ म्हणजे प्रवेशबंदीही होऊ शकते. कोलकात्यात २०१३ मध्ये पोलिसांनी १७४ रस्त्यांवर सायकलींना मनाई केली, तेव्हा दूधवाले आणि कारागीर यांची वाटच बंद झाली. पुण्याने आपली मागणी आधीच नेमक्या शब्दांत मांडली नाही, तर सायकलस्वाराच्या सुरक्षिततेचा अर्थ त्याला रस्त्यावरून बाहेर काढणे असा लावला जाण्याची शक्यता आहे.

कर्वेरोडकर

कायद्याची माहिती दिल्याबद्दल आभार. पण पुराव्याचा प्रश्न कोणीच घेतलेला नाही. चालत्या वाहनातले अंतर कोण मोजणार? सायकलस्वार म्हणेल एक मीटर होते, मी म्हणेन पावणेदोन होते. आणि पेठांतल्या गल्लीत, जिथे समोरूनही वाहने येतात, तिथे मी सायकलीमागे किती वेळ सरपटत जायचे?

पर्वतीपायथा (धागाकर्ता)

पुराव्याचा मार्ग इतरांनी शोधलेला आहे. इंग्लंडमधील वेस्ट मिडलँड्स पोलिसांनी २०१६ पासून साध्या वेशातला पोलीस कॅमेरा लावलेल्या सायकलीवर पाठवला. जो फार जवळून जाई त्याला पुढे थांबवून, जमिनीवर अंथरलेल्या चटईवर योग्य अंतर प्रत्यक्ष दाखवत. शिक्षण तिथे आधी होते, खटला गंभीर प्रकरणांत. पुण्यात बाजीराव रस्त्यावर किंवा सातारा रस्त्यावर हे करायला कोणते तंत्रज्ञान अपुरे पडते, हे मला समजत नाही. आणि नियमाचा सर्वांत मोठा उपयोग दंडात नसून शिकाऊ परवान्याच्या परीक्षेत आहे. आकडा असेल तर प्रश्न विचारता येतो, ड्रायव्हिंग स्कूलमध्ये शिकवता येतो.

गल्लीचा हिशेब असा आहे. तीनशे मीटरची गल्ली सायकलीच्या ताशी १५ किलोमीटर वेगाने संपायला ७२ सेकंद लागतात आणि ताशी ३० च्या वेगाने ३६. तुमचे नुकसान ३६ सेकंदांचे आहे, तेही पुढचा सिग्नल हिरवा असेल तर. माझा विरोध स्वतंत्र मार्गाला नाही, हे पुन्हा सांगतो. पण कोणताही मार्ग चौकात येऊन रस्त्यालाच मिळतो आणि डावीकडे वळणारे वाहन सायकलीला तिथेच आडवे जाते, म्हणून मार्ग झाल्यावरही नियम लागणारच आहे.

सायकलस्वारांच्या शिस्तीबद्दल मी लिहिले नव्हते, ते आता लिहितो. उलट दिशेने येणे आणि रात्री दिवा नसणे यांना दंड व्हावा. नो एन्ट्रीबाबत मात्र माझे मत निराळे आहे. फर्ग्युसन रस्ता आणि जंगली महाराज रस्ता एकेरी आहेत, आणि मोटारीसाठी ठरवलेला तो वळसा सायकलस्वाराने पायाच्या बळावर घालावा ही अपेक्षा रास्त नाही. बेल्जियममध्ये बहुतेक एकेरी रस्त्यांच्या पाटीखाली ‘सायकली वगळून’ अशी दुसरी पाटी असते. आपल्याकडे निदान आतल्या संथ रस्त्यांवर तिचा विचार व्हावा.

कर्वेरोडकर

एकेरी रस्त्यावर समोरून सायकल येऊ देणे मला धोक्याचे वाटते आणि त्याला माझा विरोध कायम राहील. दीड मीटरबाबत इतके मान्य करतो की ज्या रस्त्यांना एका दिशेला दोन पूर्ण लेन आहेत तिथे, आणि प्रथम बस, ट्रक व डंपर यांच्यासाठी, हा नियम करून पाहण्यास हरकत नसावी. पेठांत फ्रान्सप्रमाणे एक मीटर ठेवावे. पण दिव्याविना सायकलीला दंड त्याच दिवशी सुरू झाला पाहिजे. अंधारात जो मला दिसतच नाही त्याच्यापासून मी अंतर कसे ठेवणार?

पहाटफेरी

तो न दिसण्याचा धोका खरा आहे आणि आमच्या मुलांना मी तेच बजावतो. नव्या सायकलींना कारखान्यातूनच रिफ्लेक्टर लावून येण्याचा केंद्राचा आदेश २०२० मध्ये निघाला, पण मजुरांच्या सायकली जुन्या बाजारातल्या असतात आणि त्यांच्या मडगार्डवर काहीच उरलेले नसते. त्यांच्याकडून पहिल्याच वेळी दंड घेतला तर दिवसाची मजुरी जाते आणि दिवा तसाच राहतो. म्हणून पहिल्या वेळी दिवा आणि मागचा रिफ्लेक्टर बसवून आणायला आठ दिवसांची मुदत द्यावी, दुसऱ्या वेळी दंड घ्यावा. ही अट कर्वेरोडकरांना चालणार असेल, तर आयुक्तांकडे द्यायच्या निवेदनात दीड मीटर आणि दिवा हे दोन्ही मुद्दे एकत्र लिहायला मी तयार आहे.