वाचकाला समजले नाही, तर उणे कोणाचे?

मूळ मत: लेखकाने वाचकाचा विचार करूच नये. समजले नाही, तर वाचकाने आपली तयारी वाढवावी.

बोरीकाठ, अमळनेर: हे वाचून गप्प बसवेना. याच अमळनेरात साने गुरुजी छात्रालयातील मुलांसाठी हाताने दैनिक लिहीत. वाचक शेजारच्या खोलीत होता, म्हणून त्यांचे लेखन हलके ठरले का? कपाशीच्या हंगामावरची माझी पहिली कथा शेजारच्या काकूंनी वाचली आणि एवढेच विचारले, "सालदार सगळीकडे राबतो, पण त्याला नाव का नाही?" ती कथा मी पुन्हा लिहिली आणि तेव्हाच ती कथा झाली.

धुळ्याचा लेखक: तुम्हाला काकू भेटल्या, मला संपादक भेटले. माझ्या कथेतली 'आंडेर' त्यांनी प्रत्येक ठिकाणी 'मुलगी' केली आणि आखाजीच्या, म्हणजे अक्षय्य तृतीयेच्या, झोक्यावरचे गाणेही प्रमाण मराठीत बसवले, कारण 'वाचकाला कळणार नाही'. आई ते छापलेले गाणे ऐकून म्हणाली, हे आपले नव्हे. वाचकाच्या नावाने आमच्या अहिराणी बोलीचा गळा घोटला जातो, त्याबद्दल आधी बोला. बहिणाबाई चौधरींनी कोणाला विचारून ओव्या रचल्या?

आसोद्याची लेक: बहिणाबाईंना अहिराणीत ओढू नका, त्यांची बोली लेवा आहे आणि हा फरक खानदेशातल्या माणसानेच पुसावा, याचा मला संताप येतो. शिवाय त्यांना लिहिता-वाचता येत नव्हते. मुलगा सोपानदेव यांच्यासारख्या घरच्यांनी ऐकून उतरवून घेतले, अत्र्यांनी त्या ओळींचे मोल ओळखले, म्हणून बहिणाबाईंच्या निधनानंतर 1952 साली पुस्तक निघाले. ऐकणारा कान नसता, तर ती गाणी जात्याबरोबरच थांबली असती.

धुळ्याचा लेखक: बोलीबाबत माझी चूक झाली, ती मान्य करतो. पण ऐकणाऱ्याने टिपून ठेवणे वेगळे आणि शब्द बदलणे वेगळे. घरच्यांनी शब्द राखले, माझ्या संपादकांनी पुसले.

बोरीकाठ, अमळनेर: मग आपले भांडण संपादकाशी आहे, वाचकाशी नव्हे. 'आखाजीला आंडेर माहेरी आली, तशी आईने खापर चुलीवर चढवले' असे लिहिले, तर पुण्याच्या वाचकालाही आंडेर म्हणजे कोण, हे न सांगता कळते. शब्द आपला ठेवून वाक्याने वाचकाला हात द्यावा, यालाच मी कसब म्हणतो.

धुळ्याचा लेखक: हे वाक्य मी स्वीकारतो, तळटीप मात्र देणार नाही. पुढची कथा मी आधी तुमच्या काकूंकडे पाठवीन. त्यांनी 'आंडेर'ला हात लावला नाही, तर बाकीचे ऐकेन.