मदत हवी आहे: सोलापुरात लेटरबॉक्सिंगचे डबे लपवायचे तरी कुठे?

नमस्कार मंडळी,

नाताळच्या सुट्टीत भावाची दोन पोरं पुण्याहून येतायत, माझा एक आहेच (पाचवीत). तिघांना एक दुपार तरी मोबाइलपासून लांब ठेवावं म्हणून लेटरबॉक्सिंगचा घाट घातलाय. गेल्या रविवारी रंगीत तालीम केली, ती पार फसली. म्हणून हा धागा.

ज्यांनी हे नाव ऐकलं नाही त्यांच्यासाठी: पोस्टाच्या लाल पेटीशी याचा संबंध नाही. छोटा डबा लपवायचा, त्यात एक रबरी शिक्का आणि एक वही. शोधणाऱ्याला पत्ता कोड्यातून द्यायचा. डबा सापडला की त्यातला शिक्का आपल्या वहीत उमटवायचा, आपला स्वतःचा शिक्का डब्यातल्या वहीत मारायचा आणि डबा होता तिथे परत ठेवायचा. बक्षीस नाही. (हे ऐकून चिरंजीव म्हणाले, "मग मिळतं काय?" मी विषय बदलला.) खूळ मूळचं इंग्लंडातल्या डार्टमूरच्या माळावरचं. १८५४ साली जेम्स पेरट नावाच्या वाटाड्याने क्रॅनमिअर पूल या आडजागी एक बाटली ठेवली, तिथवर पोचेल त्याने आपलं कार्ड त्यात टाकायचं. पुढे लोक स्वतःचा पत्ता घातलेली पत्रं ठेवायला लागले आणि नंतर येणारा ती नेऊन पोस्टात टाकायचा. जीपीएस वगैरे भानगड नाही, होकायंत्र आणि पावलं.

तर माळरानावर हे ठीक आहे. भरवस्तीत काय होतं ते ऐका.

पहिला डबा कंबर तलावाजवळ, एका झुडपाच्या बुडाशी. श्रीखंडाचा डबा, झाकण घट्ट बसतं असा माझा समज. माळीबुवांनी पाइप सोडला आणि वहीचा लगदा झाला. शिक्क्याची शाई पसरून सगळी पानं जांभळी.

दुसरा आमच्याच गल्लीतल्या कडुलिंबाच्या ढोलीत. उन्हाने तापू नये म्हणून घरात सापडलं ते फडकं गुंडाळलं. ते नेमकं लाल. संध्याकाळी बघते तर लोक झाडाला वळसा घालून चाललेत. कोपऱ्यावरचे पानटपरीवाले काका मला म्हणाले, "ताई, तिकडनं जाऊ नका, कुणीतरी उतारा टाकलाय." मी गप्प. रात्री अकराला चप्पल न वाजवता गेले आणि माझाच उतारा मीच उचलून आणला.

तिसरा पार्क चौकाजवळ. तिथलं कोडं बरं जमलं होतं: "सोलापूरच्या चार हुतात्म्यांना ज्या साली फाशी दिली, त्यातले शेवटचे दोन आकडे घे, तेवढी पावलं पश्चिमेला चाल." १९३१, म्हणजे ३१. मुलाला साल पाठ होतं. पण माझी ३१ पावलं भिंतीच्या कोपऱ्याशी संपतात, त्याची संपली सोडावाल्याच्या गाड्यापाशी. तिथून तो हललाच नाही.

तेव्हा विचारायचं असं: कचरा, करणी किंवा बाँब न वाटता डबा राहील अशा जागा कोणत्या? आणि शिक्के घरी कोरता येतात का? दुकानातून करून आणले तर प्रत्येकाचे पैसे मोजावे लागतील, आणि पोरांना स्वतः कोरायची हौस आहे. भेंडी आणि बटाटा सुचवू नका, दोन दिवसांत वास मारतात.

कडकभाकरी:
उताऱ्याचं वाचून ऑफिसात फिस्सकन हसलो. आधी कुठे नको ते सांगतो. भुईकोट किल्ल्यात नको, पुरातत्त्व खात्याची वास्तू आहे, फटीत काही कोंबू नका. स्टेशन आणि एसटी स्टँडचं तर नावच काढू नका, बेवारस डबा दिसला की पोलिसांना फोन जातो. होम मैदानाकडेही नको, गड्ड्याच्या जत्रेची तयारी सुरू झाली की जागा ओळखू येणार नाही. कोड्यांना मात्र आपल्या गावात तोटा नाही. आपल्या ग्रामदैवताने, सिद्धरामेश्वरांनी, गावाभोवती ६८ लिंगं स्थापली, संक्रांतीला नंदीध्वज (मिरवणुकीतल्या उंच काठ्या) त्यांनाच प्रदक्षिणा घालतात. या पोरांनी पाचसहा ठिकाणं फिरली तर नवीन काय!

खोडरबर:
शिक्क्याचं मी सांगते, शाळेत पोरांकडून करून घेतलेत. मोठा, सपाट खोडरबर घ्या. चित्र आधी कागदावर मऊ पेन्सिलीने गडद काढा, कागद रबरावर पालथा घालून नखाने घासा. चित्र आपोआप उलटं उमटतं, आणि उलटंच हवं, शिक्का मारल्यावर सुलट येतं. पोरं थेट रबरावर नाव लिहितात आणि मग 'क' तोंड फिरवून बसतो. आजूबाजूचं रबर कटरने तुम्ही काढा, पोरांच्या हातात कटर देऊ नका. पहिल्या शिक्क्याला अक्षरं नकोतच. पतंग, मासा, पान पुरे. शाईचा पॅड डब्यात ठेवू नका, सुकतो. तो शोधणाऱ्याच्या खिशात. वही झिपच्या पिशवीत घालून मग डब्यात.

सात_रस्ता:
ताई, पावलं मोजू नका. विजेचे खांब मोजा, ते पोरागणिक लहानमोठे होत नाहीत. भैय्या चौकात डॉ. कोटणीसांचं स्मारक आहे, तिथलं कोडं घ्या: १९३८ मध्ये भारतातून चीनला गेलेल्या पथकात डॉक्टर किती? पाच. मग पाचवा खांब. आणि डबे लपवताय कशाला? ओळखीच्या दुकानात ठेवा. किराणावाला, रसवंती, झेरॉक्सवाला, कुणीही चालेल. पोराने परवलीचा शब्द सांगायचा, त्यांनी डबा काढून द्यायचा. दुकान दुपारी बंद असतं का ते तेवढं आधी बघा, नाहीतर पोरं शटरशी उभी.

धागाकर्ती:
सगळ्यांचे आभार. खोडरबर ताई, पालथ्या कागदाची युक्ती रात्रीच करून बघितली. मासा झकास आला, डोळा तेवढा कटरने उडाला.

पार्क चौकातला डबा हलवला, आता ओळखीच्या एका झेरॉक्सच्या दुकानात आहे. कंबर तलावाचा रद्द. कोटणीस स्मारकाचे खांब शनिवारी जाऊन मोजून येते.

गल्लीतल्या डब्यासाठी शेवटी टपरीवाल्या काकांकडेच गेले. सांगावं लागलंच की तो उतारा माझा होता. काका बराच वेळ काहीच बोलले नाहीत, चुना लावत राहिले. मग डबा उघडून वही चाळली, शिक्का तळहातावर मारून बघितला आणि सुपारीच्या बरणीमागे ठेवून दिला. परवलीचा शब्द मी 'कडुलिंब' म्हणत होते. ते म्हणाले, "'उतारा' ठेवा. माझ्या लक्षात राहील."