मदत हवी आहे: तीन आठवड्यांत साखर कारखाना कसा समजून घेऊ?

रसवंतीपुरती
नमस्कार मंडळी. ७ वर्षं बँकांच्या सॉफ्टवेअरवर बिझनेस ॲनालिस्ट म्हणून काढली. आता अचानक एका सहकारी साखर कारखान्याचं काम गळ्यात पडलंय. ऊस नोंदीपासून शेतकऱ्याच्या बिलापर्यंत सगळं नव्याने बांधायचंय आणि जानेवारीच्या मध्यावर आराखडा मांडायचाय. माहेर डोंबिवली, सासर ठाणे. उसाशी संबंध आयडीतच लिहिलाय.

पहिल्याच बैठकीत फजिती झाली. शेतकी अधिकारी म्हणाले, "उतारा बघूनच भाव ठरतो." मी वहीत लिहिलं: सातबारा अपलोड करायची सोय हवी. अर्ध्या तासाने उमगलं, ते साखर उताऱ्याबद्दल बोलत होते, १०० किलो उसातून साखर किती निघते ते. (नोंदीला सातबाराही लागतोच, म्हणून माझी चूक खपून गेली.)

तेव्हापासून घाबरून रोज रात्री साखर कशी बनते त्याचे व्हिडिओ बघतेय. सल्फिटेशन, पॅन, सेंट्रिफ्यूगल, सगळं पाहून झालं. तरी काल "चिटबॉय" आणि "खोडवा" या दोन शब्दांवर अडलेच. अनोळखी धंदा पटकन समजून घ्यायचा तर तुम्ही सुरुवात कुठून करता?

जुना केमिस्ट
ताई, पॅन राहू द्या. ते माझं काम होतं, तुमचं नाही. ऊस गव्हाणीत, म्हणजे कारखान्यात ऊस आत नेणाऱ्या पट्ट्यावर, पडला की तुमचा निम्मा विषय संपला.

खोडवा म्हणजे तुटलेल्या उसाच्या बुडख्यातून फुटलेलं पुढचं पीक. चिटबॉय म्हणजे गावात तोडीची चिठ्ठी देणारा आमचा माणूस. त्याच्याशी ओळख करा, संचालकांपेक्षा जास्त सांगेल.

आता एकच खेप धरा. एक शेतकरी, एक ट्रॅक्टर. नोंद, लागणीची तारीख, तोडीची पाळी, चिठ्ठी, भरल्या गाडीचं वजन, रिकाम्या गाडीचं वजन, बिल. सगळे कागद टेबलावर ओळीने मांडा आणि प्रत्येक कागद करणाऱ्याला विचारा, "हा चुकला तर भांडायला कोण येतं?" त्या उत्तरांतच तुमचा आराखडा आहे. आणि सभासदांना वाटतात तो वार्षिक अहवाल मागा, मागच्या ३ वर्षांचा. गाळप, उतारा, देणी, सगळं मराठीत छापलेलं असतं.

मार्चएंड
मीही बँकेतूनच या धंद्यात आलो, म्हणून एक खड्डा दाखवतो. मी सगळी टेबलं एप्रिल-मार्च धरून बांधली होती. साखरेचा हंगाम १ ऑक्टोबर ते ३० सप्टेंबर. ३१ मार्चला आम्ही वर्ष बंद केलं तेव्हा बाहेर गाड्यांची रांग लागलेली होती. शिवाय आडसाली ऊस जुलै-ऑगस्टात लावतात आणि तो पुढच्या वर्षीच्या हंगामात तुटतो. नोंद एका वर्षातली, बिल दुसऱ्या.

बिलाचं गणितही आधीच पाठ करा. २०२५-२६ साठी एफआरपी, म्हणजे केंद्र सरकारने ठरवलेला उसाचा किमान भाव, १०.२५ टक्के उताऱ्याला टनाला ३,५५० रुपये. उतारा ०.१ टक्क्याने वाढला की टनामागे ३४.६० रुपये जादा. त्यातून तोडणी-वाहतूक वजा. पैसे १४ दिवसांत द्यायचे, उशीर झाला तर वर्षाला १५ टक्के व्याज, १९६६ च्या ऊस नियंत्रण आदेशाप्रमाणे. उतारा कोणत्या हंगामाचा धरायचा यावर वाद आहे, तेव्हा ते कारखान्याकडून लेखी घ्या.

तुमचं बँकिंग वाया जात नाही. बिलातून विकास सोसायटीच्या कर्जाची वसुली होते, तोडणी मुकादमाच्या खात्यावर उचल असते. हे तुम्हाला आमच्यापेक्षा लवकर कळेल.

रसवंतीपुरती
दोघांचे मनापासून आभार. उचल वाचून पहिल्यांदा जीव भांड्यात पडला, ती तर आगाऊ रक्कमच! व्हिडिओ बंद. सोमवारी कारखान्यावर जातेय. रात्रपाळीला गाड्यांच्या वजनकाट्यावर बसू देतील का? परवानगी कुणाची घ्यायची?

जुना केमिस्ट
शेतकी अधिकाऱ्यांनाच सांगा, ते काट्यावर निरोप देतील. पहाटे ३ ते ५ बसा, ड्रायव्हर कंटाळलेले असतात आणि खरं बोलतात. स्वेटर न्या. गाडी मात्र यार्डात घालू नका, ट्रॅक्टरांच्या मध्ये अडकलात तर सकाळपर्यंत निघणार नाही.