काम बदलत राहिलेल्यांनो, तुमचे अनुभव लिहा

तिरकी_रेघ:
काल कपाटाचा वरचा कप्पा आवरताना जुना ड्रॉइंगचा डबा हाती लागला. रोट्रिंगची पेनं, सेटस्क्वेअर, अर्धं ब्लेड. माझी पहिली नोकरी ड्राफ्ट्समनची. ट्रेसिंग पेपरवर शाईने नकाशा काढायचा, रेघ चुकली की ब्लेडने शाई अलगद खरवडायची आणि मग त्या जागी नख घासून कागद परत गुळगुळीत करायचा. नाहीतर पुढची रेघ तिथे फुटते. हे सगळं काल बोटांना आपोआप आठवलं.

ऑटोकॅड १९८२ मध्ये बाजारात आलं, आमच्या ऑफिसात पोचायला बरीच वर्षं लागली. आल्यावर काही जण ते शिकून तिथेच राहिले. मी बाहेर पडले. मग डीटीपी, प्रूफरीडिंग, मध्ये काही काळ एका दवाखान्यात रिसेप्शन, आता सबटायटल्स. दर वेळी घरून एकच प्रश्न, "आता हे तरी कायमचं ना?" कायमचं कुठलंच नव्हतं आणि मला त्याचं वाईट वाटत नाही. नकाशा असो, पुस्तकाचं पान असो की पडद्यावरच्या दोन ओळी, ठरलेल्या जागेत सगळं बसवायचं आणि वाचणाऱ्याला दाटी वाटता कामा नये, हे मी सगळीकडे केलं. पहिल्या नोकरीत लागलेली नजर आजही रोज कामी येते.

जड काय गेलं तर दर वेळी सगळ्यात खालच्या पायरीवर उभं राहणं. आपल्याहून कितीतरी लहान मुलाच्या शेजारी खुर्ची ओढून "हे परत एकदा दाखव ना" म्हणणं. पगार कमी झाल्याचं लोक सांगतात, या गोष्टीबद्दल फार कोणी बोलत नाही.

तुम्ही काम बदललंत का? बरोबर काय आलं, मागे काय राहिलं? सुचेल तसं लिहा.

अर्धवर्तुळ:
०.२ चं पेन आहे का त्यात? सगळ्यात आधी तेच चोंदायचं. रात्रभर कोमट पाण्यात ठेव, पण निबातली ती केसासारखी तार ओढू नकोस. वाकली की पेन गेलं. अमोनिया प्रिंटचा वास आठवून आत्ता डोळे चुरचुरले! विषयावर नंतर लिहितो, बसमध्ये आहे.

तिरकी_रेघ:
०.२ आहे, ०.५ पण आहे. तू पण त्यातलाच का? कुठल्या शाखेचा?

अर्धवर्तुळ:
मेकॅनिकल. गिअरचे दात काढून काढून मान आखडायची.

डार्करूम:
फोटो स्टुडिओ, मग एक्स-रे, आता सीटी स्कॅन.
मी हौसेने काही बदललं नाही. फिल्म गेली म्हणून गेलो. ज्यांनी ट्रेमध्ये कोऱ्या कागदावर हळूहळू चेहरा उमटताना पाहिलाय त्यांना सांगायला नको. कृष्णधवल कागदाला लाल उजेड दिसत नाही म्हणून आमचा तो लाल दिवा. स्टुडिओ बंद पडायला लागले तेव्हा एका ओळखीच्या डॉक्टरांनी सुचवलं म्हणून रेडिओग्राफीचा डिप्लोमा केला. वर्गात सगळ्यात मोठा मीच. पण तिथल्या अंधाऱ्या खोलीत पाऊल टाकलं आणि जीव भांड्यात पडला. तोच डेव्हलपर, तोच फिक्सर, तोच वास. नंतर तिथूनही फिल्म गेली. २०१२ मध्ये कोडॅकने दिवाळखोरीचा अर्ज केला ती बातमी आम्ही जुन्या मित्रांनी एकमेकांना फोन करून सांगितली होती, घरातलं कोणी गेल्यासारखी.

रसायनं गेली. जे उरलं ते वेगळंच. घाबरलेल्या, लाजलेल्या माणसाला कॅमेऱ्यासमोर कसं बसवायचं हे मी स्टुडिओत शिकलो होतो. खांदा जरा पुढे, हनुवटी वर, श्वास घ्या, रोखा, हलू नका. एक्स-रेच्या खोलीत हेच तर बोलायचं असतं. म्हातारी माणसं गार प्लेटला छाती टेकवायला बिचकतात, मी आधी माझा हात टेकवून दाखवतो. पुन्हा एक्स-रे काढायला लागला की त्या माणसाला किरणांचा डोस परत, त्यामुळे पहिल्याच वेळी नीट येणं महत्त्वाचं. ते मला जमतं याचा मला अभिमान आहे.

मोरपंखी:
किती छान लिहिलंत काका. हात टेकवून दाखवता हे वाचून गलबलून आलं.

पायवाट:
वेगळं मत मांडते, राग मानू नका. सगळं सोबत येतं असं नाही. माझी बहीण वैमानिक आहे. मागच्या ९० दिवसांत ३ टेकऑफ आणि ३ लँडिंग झाली नसतील तर प्रवासी घेऊन उडता येत नाही, म्हणजे नुसती सुट्टी लांबली तरी आधी सराव. काही कामं अशी असतात की सोडली की हात जातो. शिवाय दर थोड्या वर्षांनी बदलणाऱ्याला एखाद्या कामाची खोली कधी कळणार? मी प्रयोगशाळेत सुरुवातीपासून एकाच टेबलाशी आहे. टायट्रेशनमध्ये, म्हणजे एक द्रव थेंबाथेंबाने दुसऱ्यात सोडून प्रमाण मोजताना, फिनॉल्फ्थॅलीन या रंग बदलणाऱ्या द्रव्याचा गुलाबी रंग इतका फिका हवा की शेजारच्याला शंका यावी, आणि तो अर्धा मिनिट टिकला पाहिजे. एक थेंब जास्त झाला की गडद होतो आणि सगळं पहिल्यापासून. त्या शेवटच्या थेंबासाठी तोटी कधी आवळायची हे पुस्तकातून येत नाही, वर्षं घालवावी लागतात.

सांजवारा:
पायवाट, पटलं. पण डॉ. श्रीराम लागू कान-नाक-घशाचे सर्जन होते, १९६९ मध्ये चाळिशी उलटल्यावर पूर्णवेळ नटाचं काम धरलं. खोली नव्हती असं कोण म्हणेल?

पायवाट:
ते नाटक आधीपासून करत होते ना पण. एका रात्रीत नाही बदललं.

सांजवारा:
हो, तेच म्हणायचंय मला. बाहेरून उडी दिसते, आत बरीच वर्षं तयारी चाललेली असते. विल्यम हर्शेल पोटासाठी संगीत शिकवायचा, चर्चमध्ये ऑर्गन वाजवायचा आणि रात्री घरी दुर्बिणीचे आरसे घासायचा. १७८१ मध्ये युरेनस सापडला, पुढच्या वर्षी राजाने वर्षासन दिलं तेव्हा कुठे त्याने संगीताची नोकरी सोडली.

मोरपंखी:
आणि त्याच्या बहिणीचं काय? कॅरोलाइन चांगली गायिका होती. भावाच्या दुर्बिणीपायी तिचं गाणं सुटलं. पुढे १७८६ मध्ये तिने स्वतः धूमकेतू शोधला हे खरंच, पण गाणं सोडायचं का हे तिला कोणी विचारलं असेल का? माझंही असंच झालंय म्हणून विचारते. नवऱ्याची बदली झाली की माझं काम बदलायचं. बालवाडी, लायब्ररी, कॉल सेंटर, शिवणवर्ग. लोक म्हणतात "हिला किती काय काय येतं". येतं, पण त्यातलं मी निवडलेलं फक्त लायब्ररी होतं. पुस्तकाच्या पाठीवरचा नंबर वाचून न बघता कपाटाकडे हात जायचा माझा. तो मला अजून हवाय.

तिरकी_रेघ:
मोरपंखी, तुझं वाचून थांबले. मी स्वतः निवडत गेले, हा फरक केवढा मोठा आहे ते मी वर लिहिलंच नाही. आता तिथे लायब्ररी नाही का जवळ? अर्धवेळ?

मोरपंखी:
आहे. अर्ज करायला धीर होत नाही. मधली सगळी वर्षं काय केलं म्हणून विचारतील.

कागदीहोडी:
मोरपंखीताई, मी मुलाखती घेते, म्हणून सांगते. यादी लांब असली म्हणून आम्ही कागद बाजूला टाकत नाही. मधल्या जागा का रिकाम्या हे कळलं नाही की शंका येते. तुम्ही वरच एका ओळीत लिहा की कुटुंबाच्या बदल्यांमुळे कामं बदलली, आता इथेच स्थायिक आहोत. मग लायब्ररीचं काम आधी आणि सविस्तर, बाकीचं खाली थोडक्यात. कॉल सेंटर गाळू नका, वैतागलेल्या माणसाशी शांतपणे बोलता येणं लायब्ररीच्या काउंटरवर रोज लागतं. मी स्वतः समोरच्याला एक हमखास विचारते, आधीचं काम कोणाच्या हाती आणि कसं सोपवून आलात? नीट सोपवून येणारा माणूस मला फार मोलाचा वाटतो, तो किती वर्षं टिकेल हे नंतर.
बाळ उठलं. बाकी नंतर.

डार्करूम:
अर्ज करा हो. नाही म्हणाले तर आहात तिथेच आहात.

रातपाळी:
आधी आयसीयूत नर्स, आता मेडिकल कोडिंग. पाठीने जवाब दिला, दुसरा पर्याय नव्हता. आता पेशंटच्या फाइली वाचून आजारांचे कोड लावते. आय १० म्हणजे रक्तदाब, ई ११ म्हणजे दुसऱ्या प्रकारचा मधुमेह. सुरुवातीला फार रडू यायचं. फाइलमधल्या माणसाची कूस कोणी बदलली असेल, तोंड कोणी पुसलं असेल, हेच डोक्यात. पण एक सांगते, औषधांची यादी वाचून मला पेशंट डोळ्यापुढे दिसतो. इन्सुलिन चालू आहे आणि फाइलमध्ये मधुमेहाचा उल्लेखच नाही, हे मला लगेच खटकतं. आपल्या मनाने कोड लावायचा नसतो, डॉक्टरांना विचारून घ्यायचं. ते विचारायला मी कचरत नाही, वॉर्डात रात्री दोनला उठवलंय मी त्यांना!

अर्धवर्तुळ:
पोचलो. माझं थोडक्यात: ड्रॉइंग, मग वर्कशॉप, मग विमा, आता पुन्हा वर्कशॉप. विम्यात पैसे बरे मिळत होते पण संध्याकाळी हाताला ग्रीस नाही म्हणून चैन पडेना. परत जाता येतं, एवढं लिहायचं होतं. रातपाळीताई, माझ्या मेव्हणीला कोडिंगबद्दल विचारायचंय. ती फार्मसीची आहे, चाळिशी पार. जमेल का?

रातपाळी:
जमेल की. औषधं तिला येतातच, तो अर्धा भाग झाला. शरीररचना पक्की करायला सांग. नोकरी लगेच सोडू नको म्हणावं, आधी रोज थोड्या सरावाच्या फाइली सोडवून बघ. दिवसभर एका जागी बसून वाचणं सोसतंय का ते त्यातच कळेल, खूप जण तिथेच सोडतात. पुस्तकांची नावं रात्री लिहिते, आत्ता शिफ्ट सुरू होतेय.