मदत हवी आहे: थंडीत बसवलेला लोड, उन्हात बोल्ट उचलेना

मंडळी, जरा घाईत आहे. हंगाम आठवड्यावर आलाय आणि डब्यात घरी भरलेली 38 काडतुसं तयार पडली आहेत.

रायफल .308 विंचेस्टर, 165 ग्रेनची (ग्रेन हे वजनाचं छोटं माप) गोळी, पावडर बॉल प्रकारची, म्हणजे गोल दाण्यांची. लोड, म्हणजे गोळी-पावडरीचं जुळवलेलं माप, हिवाळ्यात बसवला, उणे 4 अंशांना. मॅन्युअलमधल्या कमाल मात्रेपेक्षा अर्धा ग्रेन खाली थांबलो होतो. क्रोनोग्राफवर (गोळीचा वेग मोजणाऱ्या यंत्रावर) सरासरी 2,690 फूट प्रति सेकंद, ग्रुप सुरेख, दाबाची एकही खूण नाही.

काल झीरो, म्हणजे नेम आणि गोळीचा मारा जुळतो का ते, तपासायला गेलो. सावलीत 35 अंश. डबा सकाळपासून गाडीत, मागच्या काचेखाली. पहिल्या तीन गोळ्या ठीक गेल्या. चौथीला बोल्टचा (मागून नळी बंद करणाऱ्या दट्ट्याचा) दांडा तळहाताने खालून ठोसा देऊन उचलावा लागला. केस (काडतुसाचं पितळी कवच) बाहेर आली तर प्रायमर, म्हणजे बुडातली ठिणगी देणारी टिकली, इतका चपटा की कडेची गोलाई गायब, आणि बुडावरच्या अक्षरांशेजारी केस बाहेर फेकणाऱ्या इजेक्टरचा चकचकीत ठसा. तरी मूर्खासारख्या अजून दोन झाडल्या. सहांची सरासरी 2,775.

तापमानाने फरक पडतो हे ऐकून होतो, पण इतका? आणि उरलेली काडतुसं आइसबॉक्समध्ये ठेवून नेली तर चालतील का?

चकमकवाला:
आधी उत्तर: नाही. एकही झाडू नकोस.

आता हिशेब बघ. या कॅलिबरमध्ये एक ग्रेन पावडर वाढवली की वेग साधारण 50 ते 60 फुटांनी वाढतो. तुझा वाढला 85 ने. म्हणजे उन्हाने तुझ्या केसमध्ये दीड ग्रेन जास्त टाकल्यासारखं झालं. तू कमालच्या अर्धा ग्रेन खाली होतास, तर काल परिणामाने एक ग्रेन वर होतास. हा हिशेब ढोबळ आहे, पण बोल्टनेही तेच सांगितलं ना!

पावडर आधीच गरम असली की पेटल्यावर भरभर जळते, आणि दाब वेगापेक्षा कितीतरी जास्त चढतो. शिवाय 35 हा आकडा हवेचा. बंद गाडीत काचेखालच्या डब्यात 55-60 सहज होतात, आणि पावडरीला कळतं ते डब्यातलं तापमान. आइसबॉक्सचं म्हणशील तर थंड काडतूस तापलेल्या चेंबरमध्ये (नळीतल्या काडतूस बसायच्या जागेत) मिनिट-दोन मिनिटं राहिलं की त्याची थंडाई संपली. वर दव धरतं ते वेगळंच. ओल्या केसची चेंबरच्या भिंतीवरची पकड सुटते आणि सगळा रेटा बोल्टवर येतो.

सावधशिकारी:
पावडरीवर सगळं खापर फोडण्याआधी दोन प्रश्न. केस किती वेळा वापरलेल्या? भरण्याआधी लांबी मोजून कापल्या होत्या का? मान लांबलेली केस गोळीला चिमटा घेते आणि अशाच खुणा दाखवते.

धागाकर्ता:
केस तिसऱ्या भरणीच्या. कापल्यात, सगळ्या मर्यादेत. चेंबरही कोरडं होतं.

सावधशिकारी:
मग चकमकवाल्यांचंच बरोबर.

उंटावरचा:
सरळ पावडर बदल की दादा. हॉजडनच्या एक्स्ट्रीम मालिकेतली व्हार्गेट घे, तापमानाची कटकटच मिटली.

चकमकवाला:
कटकट कमी होते, मिटत नाही. व्हार्गेट .308 ला छान जमते, मीही तीच वापरतो. पण डब्यावर काहीही लिहिलेलं असो, तुमच्या रायफलीत, तुमच्या प्रायमरसोबत ती कशी वागते हे क्रोनोग्राफच सांगणार. बॉल पावडरीत बहुधा नायट्रोग्लिसरीन असतं, आणि त्या सहसा उष्णतेला जास्त हळव्या असतात. पण म्हणून त्या वाईट नाहीत. मापून ओतायला त्यांच्यासारखं सुख नाही.

हे दुखणं जुनं आहे. कॉर्डाइट या जुन्या ब्रिटिश पावडरीच्या काळात उष्ण प्रदेशात केस चेंबरमध्ये चिकटून बसायच्या. मोठ्या जनावरासमोर तसं होणं म्हणजे संपलंच. 1911 च्या .416 रिग्बी या मोठ्या शिकारीच्या काडतुसाची केस एवढी ऐसपैस आहे ती याचमुळे: दाब मुळातच कमी, म्हणजे उन्हाने चढला तरी वाव शिल्लक.

धागाकर्ता:
समजलं. पण उन्हाळ्यासाठी मात्रा उतरवली तर हिवाळ्यात गोळी फार खाली नाही का जाणार? माझी खरी भीती ती आहे.

चकमकवाला:
काढूया की. तुझ्या पावडरीने 35 वरून उणे 4 ला समज 55-60 फूट वेग गमावला (कालच्या 85 मध्ये तापलेल्या डब्याचाही वाटा होता). थंड हवा सुमारे 14 टक्के दाट, ती अजून थोडं ओढेल. दोन्ही मिळून 300 मीटरवर गोळी पाच-सहा सेंटीमीटर खाली. हरणाच्या छातीतला माऱ्याचा भाग वीसेक सेंटीमीटरचा. म्हणजे थंडीतली चूक पाच-सहा सेंटीमीटरची, उन्हातली चूक तोंडाशी फुटणारी. तेव्हा मॅन्युअलमधल्या सुरुवातीच्या मात्रेपासून परत चढत ये, तेही भर दुपारी. थंडी पडली की झीरो पुन्हा बघ. आणि बोल्टमधलं जाड ग्रीस तेव्हा काढ. गारठ्यात ते घट्ट होतं, प्रायमरवर पिनचा ठोका हलका पडतो, आणि लोक शिव्या पावडरीला घालतात.

सावधशिकारी:
झाडलेल्या त्या सहा केसचे प्रायमर पॉकेटही (प्रायमर बसायचे खळगे) तपास, सैल झालेत का.

धागाकर्ता:
काल रात्री बसून 38 च्या 38 गोळ्या हातोडीवाल्या पुलरने (केसमधून गोळी उपसायच्या हत्याराने) काढल्या. शेजारच्या खोलीतून विचारणा झाली, घरात सुतारकाम कधीपासून सुरू केलंस म्हणून. पॉकेटचं म्हणाल तर सहापैकी दोन केसमध्ये नवा प्रायमर नुसत्या अंगठ्याने आत सरकला. चिमट्याने चेपून दोन्ही भंगारात टाकल्या. या हंगामाला फॅक्टरीची काडतुसं नेतोय. उद्या त्यांचा झीरो बघायचाय, डबा सावलीत ठेवून.