पेट्रोल गाडीला हायड्रोजन किट: बसवावं की नाही?

सिंहगडरोडकर
पेट्रोल शंभरीपार आहेच, त्यात ई२० (२० टक्के इथेनॉल मिसळलेलं पेट्रोल) आल्यापासून माझ्या जुन्या गाडीचं ॲव्हरेज आणखी घसरलंय. नाना पेठेत एका दुकानात हायड्रोजन किट बघितलं. बॉनेटखाली पाण्याचा डबा, त्यात स्टीलच्या पट्ट्या आणि चिमूटभर पोटॅशियम हायड्रॉक्साइड. करंट सोडला की पाण्यातून हायड्रोजन-ऑक्सिजनचे बुडबुडे येतात आणि तो वायू नळीतून एअर इनटेकमध्ये जातो. दुकानदार म्हणतो, लिटरमागे चार किलोमीटर वाढतील. अल्टरनेटर तसाही फिरतोच, त्यातली थोडी वीज घेतली तर बिघडलं कुठे? माझं मत बसवावं असं आहे. विरोध करणाऱ्यांनी कृपया मुद्द्याचं बोलावं.

टेकडीवरचा
मुद्द्याचंच बोलतो. अल्टरनेटर फिरतो, पण फुकट नाही. गाडी उभी असताना हेडलाइट आणि मागच्या काचेचा हीटर एकदम लावा, इंजिनावर लोड आलेला कानाला कळतो.

आता हिशेब. किट मिनिटाला १ लिटर वायू देतं असं धरू. त्यात हायड्रोजन जेमतेम ०.०६ ग्रॅम, म्हणजे साधारण १२० वॅट. तो तयार करायला त्या डब्याला २०० वॅट लागतात, त्यासाठी अल्टरनेटर इंजिनाकडून सव्वातीनशे ओढतो, आणि इंजिन पेट्रोलच्या उष्णतेतला पाव भागच कामाला लावतं. म्हणजे १३०० वॅटचं पेट्रोल जाळून हाती आले १२०! ताशी ६०ने जाताना गाडी ३५,००० वॅटच्या आसपास पेट्रोल जाळते, हेही लक्षात घ्या.

भोसरी एमआयडीसी
हिशेब बरोबर, पण प्रश्न चुकीचा. हायड्रोजन इथे इंधन म्हणून नसतोच, ज्वलन सुधारायला असतो. त्याची ज्योत पेट्रोलपेक्षा कितीतरी वेगाने पसरते. नासाने १९७७ सालीच पेट्रोलमध्ये हायड्रोजन मिसळून इंजिन आणखी पातळ (हवा जास्त, पेट्रोल कमी) मिश्रणावर चालवून दाखवलं होतं. ते लोकही खुळे का?

टेकडीवरचा
मुळीच नाही. पण तिथे हायड्रोजन सिलिंडरमधून किंवा मिथेनॉलपासून आला होता, गाडीच्या बॅटरीतून नव्हे. आणि मिश्रण मुद्दाम पातळ ठेवलं होतं. तुमच्या गाडीत ऑक्सिजन सेन्सर आहे, ईसीयू, म्हणजे इंजिनाचा कॉम्प्युटर, त्यावरून मिश्रण लगेच जागेवर आणतो. म्हणून तर किटवाले सेन्सरला गंडवणारं एक छोटं सर्किट सोबत देतात. ॲव्हरेज वाढलंच तर ते त्या सर्किटमुळे, आणि नायट्रोजन ऑक्साइडची भर पडते ती वेगळीच.

भोसरी एमआयडीसी
मग दिल्लीत २०२० साली ५० बस हायड्रोजन मिसळलेल्या सीएनजीवर कशा चालवल्या?

टेकडीवरचा
तो हायड्रोजन डेपोत, सीएनजीपासूनच काढला होता. बसच्या अल्टरनेटरवर नाही. आपल्याकडे पाषाणच्या एनसीएलने (राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळा) केपीआयटी कंपनीसोबत २०२२ साली हायड्रोजन बस आणली, तिच्यातही हायड्रोजन टाकीत भरून नेतात आणि फ्युएल सेल त्याची वीज करतो. बाहेरून आणा की हवा तेवढा, माझं भांडण फक्त त्या डब्याशी आहे.

गॅरेजवाला
आमच्याकडे येतात अशा गाड्या. पोटॅशचं पाणी गळून ब्रॅकेट आणि वायरिंग खाल्लेलं असतं. गिऱ्हाईक शपथेवर सांगतं, ॲव्हरेज वाढलं. वाढणारच! किट बसवताना प्लग नवे टाकतात, फिल्टर साफ करतात, हवा भरतात, आणि मग मालक महिनाभर ॲक्सिलरेटर जपून दाबतो. तेवढंच करा, निम्मा फायदा तिथेच मिळेल. बदल इन्शुरन्सवाल्यांना सांगितला नाही तर क्लेमला कटकट होते, ते वेगळंच.

सिंहगडरोडकर
थिअरी सगळी वाचली. लोकांना फरक पडतोय त्याचं काय? सगळेच खोटं बोलतात?

टेकडीवरचा
खोटं कशाला, मोजायची पद्धत ढिली. किटला स्विच असतोच. एकाच पंपावर टाकी कटऑफपर्यंत भरा, एक्स्प्रेसवेने लोणावळ्याला जाऊन या, परत तिथेच भरा. एकदा स्विच चालू, एकदा बंद, चार-पाच वेळा. चालू की बंद ते दुसऱ्याने ठरवायचं, चालवणाऱ्याला कळू द्यायचं नाही.

सिंहगडरोडकर
दुकानदार म्हणतो तसं लगेच कळत नाही, ईसीयूला दोन हजार किलोमीटर सवय व्हावी लागते.

गॅरेजवाला
आणि पैसे परतीची मुदत?

सिंहगडरोडकर
पंधरा दिवस. तरी विचारून बघतो, वाढवून देतो का.