बुलियन नाण्याला स्लॅबचे जादा पैसे कशाला?

वजनकाटा: काल इथे एका महाशयांनी लिहिलंय, "नवशिक्यांनी एमएस-७० ग्रेडची स्लॅबमधलीच बुलियन नाणी घ्यावीत, सुटं नाणं म्हणजे नुसता धातू." डोकंच फिरलं. स्लॅब म्हणजे नाणं तपासून, दर्जा लिहून सील केलेली प्लास्टिकची डबी, एमएस-७० म्हणजे त्यावरचा सगळ्यात वरचा, निर्दोष दर्जा, आणि बुलियन नाणं म्हणजे मुळात धातूच्या वजनासाठी घ्यायचं नाणं. अहो, धातूच तर विकत घेतोय ना! एक औंसाच्या नाण्यात सोनं ३१.१ ग्रॅम, प्लास्टिकात घातलं म्हणून ते काय व्यायलंय का? आणि टांकसाळीतून आलेलं कोरं नाणं ६९ नाहीतर ७० ठरलं तर त्यात नवल कसलं? मी असली दोन घेतली होती, विकताना समोरच्याने स्लॅबकडे बघितलंसुद्धा नाही, सोन्याचा भाव लावला नि मोकळा.

भिंगवाला: तुम्ही चुकीच्या माणसाकडे गेलात. चीनच्या पांडा नाण्यावरचं चित्र १९८२ पासून जवळपास दरवर्षी बदलतं, जुन्या सालांना वजनाच्या वर पैसे मिळतातच. आणि अमेरिकेचं जुनं २० डॉलरचं सोन्याचं नाणं, १९३३ चा डबल ईगल, २०२१ मध्ये जवळजवळ १ कोटी ८९ लाख डॉलरला गेला, त्यात सोनं पुरतं एक औंससुद्धा नाही!

वजनकाटा: तो डबल ईगल बुलियन नाणं आहे का? चलनासाठी पाडलेला, बहुतेक सगळा वितळवला गेला म्हणून दुर्मिळ. लॉटरी लागलेल्याचं नाव सांगून तिकिटं विकू नका.

खणखणीत: स्लॅब राहू द्या, आधी अमेरिकेचे ईगल आणि दक्षिण आफ्रिकेचे क्रुगरँड घेणं थांबवा. २२ कॅरेट! कॅनडाचा मेपल लीफ ९९९.९ शुद्धतेचा मिळत असताना तांब्याला पैसे का मोजायचे?

वजनकाटा: झालं, आले हे. क्रुगरँडचं वजन ३३.९३ ग्रॅम असतं हो. सोनं पूर्ण एक औंस, तांबं त्याच्या वर. कमी काहीच नाही.

खणखणीत: मग ब्रिटनची ब्रिटानिया २०१३ पासून २४ कॅरेटची का केली? हौस म्हणून?

भिंगवाला: लोकांना चार नऊ बघायला आवडतात म्हणून. पण शुद्ध सोनं मऊ. माझा मेपल लीफ एकदा हातातून निसटून टेबलाच्या कडेवर आपटला, राणीच्या गालावर कायमचा खळगा. क्रुगरँड वर्षानुवर्षं थैलीत एकमेकांवर खुळखुळतायत, किरकोळ ओरखडे सोडले तर ढिम्म.

खणखणीत: नाणं खुळखुळायला असतं का? आणि स्वतःला संग्राहक म्हणवता! कॅप्सूल नावाची वस्तू ऐकलीय कधी?

वजनकाटा: म्हणजे तुमच्या शुद्ध सोन्याला सांभाळायला पण डबीच लागते. वा!

खणखणीत: बरं बाबा, तांबं फुकट, जिंकलात. पातेलं करा त्याचं.

उगाचच: भांडण थांबलं असेल तर माझं ऐका. आजोबांचं एक सॉव्हरिन, म्हणजे ब्रिटिश सोन्याचं नाणं, होतं, काळपट पडलेलं. मी टूथपेस्ट लावून फडक्याने मस्त घासलं, आरशासारखं झालं. जाणकाराकडे नेलं, त्याने भिंग लावलं, नाणं जरा तिरकं केलं नि म्हणाला, "घासलंय." बारीक गोल रेघा मलाही दिसल्या मग. ७.३२ ग्रॅम सोन्याचे पैसे, बस्स.

भिंगवाला: अरेरे!! बघा, म्हणूनच सांगतो, स्लॅबमध्ये असतं तर हात तरी पोचला नसता.

वजनकाटा: जुन्या नाण्याबद्दल हे मान्य. जुन्या. नव्या ईगलला नाही, आणि स्लॅबसुद्धा नकली निघतात हे विसरू नका. @उगाचच, साल कुठलं होतं पण?

उगाचच: तेच नीट वाचता यावं म्हणून तर घासलं होतं.